पेशंटमागे पैसे

साथीच्या दिवसांत मी शहापुरात सफाईला होतो. पाठीवर औषधाचा पंप घेऊन गल्ल्या फवारायच्या, कोविड सेंटरचा कचरा पिवळ्या पिशव्यांत भरून गाडीत टाकायचा. आमच्यातले दोघे घाबरून घरी बसले, ते परत आलेच नाहीत. मग एका सकाळी हजेरीच्या वेळी मुकादमाने सांगितलं, जे कामावर येतील त्यांना रोजचा जादा भत्ता मिळेल. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. एवढ्या दिवसांत आमची कुणी दखल घेतली, ती पहिल्यांदाच.

आमचं गाव सापगावच्या पुढे, मुरबाड रस्त्यापासून आत. मी तेव्हा घरात न जाता पडवीत झोपायचो. आई लांबून ताट सरकवायची. मी रस्त्याने निघालो की गावातली माणसं दारं लोटून घ्यायची. आजाराला भितात, असं मी धरून चाललो होतो.

एक दिवस लक्षात आलं, काका चार दिवसांत दिसलेला नाही. वडील गेल्यावर मला वाढवलं ते याच काकाने. भातसा नदीत पोहायलाही त्यानेच शिकवलं. मी त्याच्या अंगणाबाहेर उभा राहून हाक मारली. काकी दारातूनच म्हणाली, "राब भाजायला गेलेत माळावर." पण भाताची रोपं टाकायच्या जागेवरचा त्यांचा राब आठवड्यापूर्वीच भाजून झाला होता. मी माळाची वाट धरली.

माळावर त्याची पेंढ्याने शाकारलेली झोपडी आहे. जवळ गेलो तसा खोकला ऐकू आला. आत काका घोंगडीवर पडला होता. ओठ काळेनिळे, छाती भात्यासारखी चाललेली. मला पाहताच तो कोपर टेकत मागे सरकू लागला, कुडाला पाठ लागेपर्यंत.

"काका, मी आहे," मी म्हणालो.

"तूच हायस म्हनून तर."

मला काही समजेना. त्याने दम खाल्ला, मग हात जोडले. माझ्यापुढे.

"माझे किती भेटनार हायत तुला? बोल. तेवढे मी देतो. बैल इकतो. पन मला नेऊ नको रे."

मी तिथेच उंबऱ्यात बसलो. ज्या माणसाच्या खांद्यावर बसून मी जत्रा पाहिली, तो मला माणसं विकणारा समजत होता.

मग मी उठलो आणि त्याला पाठीवर घेतलं. वाटभर तो माझ्या खांद्यावर मुठी मारत होता. मारायची ताकद नव्हती, नुसती मूठ टेकायची. रस्त्यावर येऊन मी फोन लावला, तासाभराने गाडी आली. सोळा दिवस काका ऑक्सिजनवर राहिला आणि वाचला.

त्याला नेलं त्या संध्याकाळी मी काकीला विचारलं, हे त्याच्या डोक्यात कुणी भरवलं? ती रडत म्हणाली, "भरवलं कोनी नाय. तुझ्या आयशीनं बोरिंगवर पानी भरताना सांगितलं, पेशंट वाढले का माझ्या पोराचे पैसं वाढतात."

मी तसाच घरी आलो. आई चुलीपुढे होती. मी पडवीतूनच विचारलं तर ती गोंधळली. "मी काय वाईट सांगितलं रे? तूच तर म्हनालास ना, पेशंट हायत तवर भत्ता हाय?"

म्हणालो होतो. जेवता जेवता, हसत. तिने ते कौतुकाने बायकांना सांगितलं, आणि बोरिंगवरून ते दोन-तीन पाड्यांवर गेलं. तिला हे सगळं समजलं तेव्हा ती भाकरी तव्यावर तशीच ठेवून मागच्या दारी जाऊन बसली. भाकरी जळाली, आम्ही कुणीच उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि घरोघर फिरलो. अंगणाबाहेर उभं राहून ओरडून सांगायचो, मला रोजाचे मिळतात, माणसामागे छदाम नाही. बहुतेकांनी दार उघडलं नाही. दोन घरांनी मात्र आजारी माणसं बाहेर आणली. एका घरात तर तरणी सून होती, छपराखालच्या माच्यावर लपवलेली, अंगात ताप. मी तिला उघड्या दारातून शिडीवरून उतरताना पाहिलं.

काकाने पुढे तो विषय कधी काढला नाही. आवणीला नेहमीसारखा निरोप धाडला, मी गेलो, आम्ही शेजारी शेजारी वाकून भात लावला. ते बोलणं मुळात माझं होतं, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

वरच्या पाड्यावर त्याच आठवड्यात एक म्हातारी घरातच गेली होती. तिला माझ्याच भीतीने लपवलं होतं, का ती नुसतीच म्हातारपणाने गेली, हे विचारायला मी दोनदा त्या पाड्यापर्यंत जाऊन आलो. दोन्ही वेळा तिच्या मुलाने पाणी दिलं. मी ते प्यायलो आणि परत आलो.