झटका मशीनचा भोंगा

कडी लावली — पहिले कडी लावली, मंग लेकराले छातीशी धरलं. बाहेर भोंगा वाजून राह्यला होता. मले वाटलं, आलं. मिसाईल आलं. तुमी काय केलं असतं? वर्षभर मनातल्या मनात हेच इचारत आली मी. पण सांगतलं कोणालेच नाई. नवऱ्यालेबी नाई.

आमचे हे फौजेत. बॉर्डरवर, येणारं मिसाईल हवेतच पाडतात त्या तुकडीत. लढाई लागली तवा फोन आला, त म्या इचारलं, सगळे पाडता ना तुमी? हासले. म्हणे, "पागल, सगळे कुठं पडतात? ते आधी सस्ते ड्रोन सोडतात, आमचा दारूगोळा सरावा म्हणून. मंग खरं येते. एखादं सुटतेच."

सहज बोलले ते. माह्या डोक्यात तेच बसलं — सुटलेलं. कुठं पडन ते? आमच्या अनसिंगले, बॉर्डरपासून एवढ्या दूर, कायले येईन, एवढी अक्कल मले पायजे होती. पण मोबाईलवर दिवसभर तेच — आग, भोंगे, पळणारे लोकं.

भोंगा वाजला त्याच दिवशी सकाळी माह्या जेठानं, यायच्या मोठ्या भावानं, घरामांगच्या वावरात झटका मशीन बसवली. रानडुकरं भुईमूग उकरत, म्हणून भोवती करंटची तार ओढली. तारीले काही लागलं का झटका बसते अन् भोंगा वाजते, हे त्यायनं मले सांगतलंबी होतं. आवाज तेवढा आयकला नव्हता. मंग जेठ-जाऊ शिरपूरले लग्नाले गेले. त्यायची राणी, सात वर्साची, अन् बुढी सासू माह्या भरोशावर ठेवून.

दिवेलागणीले भोंगा वाजला. आमचं घर टिनाचं, धान्याच्या खोलीवरच स्लॅब. मी माह्या लेकराले उचलून त्या खोलीत पळाली. राणी आंगणात होती — दिसली मले. हाक नाई मारली.

मंग दार वाजलं. "काकू, आजी तारीवर पडली. उठून नाई राह्यली."

आयकलं म्या. साफ आयकलं. भोंगा तारीचाच हाय हे तवाच समजाले पायजे होतं — समजलंबी असन, काय सांगू? पण मनात काय आलं, माहीत हाय? बुढी गेली त गेली. पोट्टी जाऊची हाय. पडाचं असन त त्यायच्यावर पडो.

म्हणलं, "जाय इथून. दार वाजवू नोको."

वाजवतच राह्यली. म्या दाराले गव्हाचं पोतं लावलं.

शेजारच्या सुदामनं मशीन बंद केली, तवा भोंगा थांबला. पडतानी सासूचा खुबा मोडला होता, सरकता येत नव्हतं. तोपर्यंत सेकंदासेकंदाले झटका बसत होता बुढीले. तवापासून खाटेवरच हाय.

जेठानं इचारलं. म्या म्हणलं, कूलर चालू होता, मले काही समजलंच नाई. राणी म्हणे, म्या सांगतलं काकूले. म्या सगळ्यायसमोर म्हणलं, "खोटं बोलते हे पोट्टी. हेच पळून गेलती."

जाऊनं तिले उलथन्यानं हाणलं. मी चहा मांडला.

आता नाई इचारत तुमाले, तुमी काय केलं असतं ते. केलं म्या.

परवा बुढीचे पाय चोळता चोळता राणी तिले सांगून राह्यली होती, "आजी, मी पळून गेलती वं. काकूले सांगतलंच नाई म्या." खरंच वाटते तिले आता. मी दारात उभी होती. आयकलं — अन् मले बरं वाटलं.