बागेची कड कुणाची

मी मोजणी खात्यात होतो. मुरगूडपासून आजऱ्यापर्यंत लोकांच्या बांधांवरून साखळी ओढली, भावाभावांच्या हद्दी ठरवून दिल्या आणि दोन्ही भावांच्या शिव्या खाल्ल्या. त्यामुळं एकोणीसशे सत्तरच्या सुमाराला कोल्हापुरात राजारामपुरीत चार खोल्यांचं घर बांधलं, तेव्हा पुढच्या बागेला सरळ रेषेतली कड हवी हे ठरलेलंच होतं. आत गुलाब आणि कडेला तिरप्या पुरलेल्या, चुन्यानं रंगवलेल्या विटा. सरकारी विश्रामगृहाला असतात तशा.

"आणि खोकला झाला की विटा उकळून प्यायच्या काय?" बायको म्हणाली.

ती आजऱ्याकडची, पावसापाण्याच्या मुलखातली. कड लावायचीच तर उपयोगाची लावा, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, मग तुळस लाव, आपोआप उगवते. झालं!

"तुळस? येणाऱ्याजाणाऱ्याच्या चपलांखाली? अहो, मोजून मोजून डोस्कं बी साखळीगत झालंय काय तुमचं?"

या बाईशी वाद घालण्यापेक्षा दोन भावांचा बांध मिटवणं सोपं. मी दोरी लावून रेघ आखून दिली आणि बाजूला झालो. गवती चहा तिनं फाटकाच्या दोन्ही अंगाला लावला, कारण त्याची पाती कापतात, त्यामुळं कुत्री आत घुसत नाहीत. नळाजवळ पुदिना, पण तो गुलाबात पसरू नये म्हणून वनस्पती तुपाच्या डब्यांची बुडं कापून, ते डबे जमिनीत पुरून त्यांत लावला. उन्हाच्या बाजूला सब्जा आणि भिंतीच्या सावलीत जाड पानांचा ओवा. मी आपला माझ्या गुलाबांत. कडेकडं बघायला मला सवड कुठली?

माझं सगळं लक्ष स्पर्धेकडं होतं. त्या काळी आमच्या भागात घरच्या बागांची स्पर्धा व्हायची आणि समोरचे निवृत्त हेडमास्तर ओळीनं तीन वर्षं पहिले आले होते. बक्षिसाचा कप ते खिडकीत अशा बेतानं ठेवायचे, की आमच्या ओट्यावरून तो नीट दिसावा. तो कप आमच्या खिडकीत यावा, एवढी एकच इच्छा मला त्या दिवसांत होती.

घर बांधून पाच वर्षं झाली त्या साली परीक्षक आले. त्यात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई होत्या. नेमका माझ्या गुलाबांवर मावा पडलेला. बाई गुलाबांवरून सरळ पुढं गेल्या. माझं तोंड उतरलं. मग त्या कडेपाशी वाकल्या, एक पान चुरगळून हुंगलं आणि खूश होऊन म्हणाल्या, "वा! ही कड कुणाची कल्पना?"

बायको चहाचा ट्रे घेऊन नुकतीच दारात आली होती.

"माझीच," मी म्हणालो.

तोंडातून निसटलं म्हणावं, तर तसंही नाही. चांगलं ठरवून बोललो. बाईंनी एका झाडाकडं बोट करून हे कुठलं म्हणून विचारलं. मी ठणकावून सांगितलं, "ओवा." तो सब्जा होता. मी थट्टा करतोय असं वाटून बाई हसल्या. बायकोनं ट्रे ठेवला आणि ती आत निघून गेली.

कप आमच्या खिडकीत आला. दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा घेतला, तर कसला स्वाद नाही, वास नाही.

"गवती चहा नाही घातलास?"

"बाग तुमची हाय. तुम्ही तोडून आणा की."

तेव्हापासून आळीतलं कुणीही पाला मागायला आलं, की आतून एकच आवाज यायचा, "मालकास्नी विचारा. त्यांची बाग हाय." मग मी दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून बाहेर. कुणाच्या पोराला पडसं, कुणाच्या सासऱ्याला गॅस! मला त्यातलं काय कळणार, कपाळ? जे हाताला लागेल ते तोडून द्यायचो. आळीतल्या टेलरमास्तरांच्या बायकोनं बिर्याणीसाठी पुदिना मागितला, तिला मी ओंजळभर ओवा दिला. दुसऱ्या दिवशी ती त्या बिर्याणीचा मोठा डबाच घेऊन आली. "भाऊ, तुम्हीच खाऊन बघा," म्हणाली आणि मी शेवटचा घास गिळेपर्यंत दारातून हलली नाही.

दोनएक महिन्यांत लोक यायचे थांबले. आळीतला सर्दीखोकला हटलाय, असं मी हेडमास्तरांना सांगितलं. ते पोट धरून हसले. का हसले ते मला कळलं नाही.

कड मात्र मी जिद्दीनं राखली. पुदिन्याला गुलाबाचं खत घातलं, तो जळाला. ओव्याला सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं, तो कुजला. सब्जा तुऱ्यावर येऊन वाळून गेला. गवती चहा तर ऐन वैशाखात दोरी लावून सरळ रेषेत चार बोटांवर छाटला, तो पुन्हा काही वर आला नाही. रेघ मात्र अगदी सरळ होती.

वर्षानं परीक्षक पुन्हा आले. त्याच बाई. "अहो, काय होती मागच्या वर्षी आणि काय झालं हे?" त्या हळहळल्या. उन्हाळ्यावर ढकलावं असं मनात आलं होतं. पण बायको दारात, त्याच जागी, तोच ट्रे घेऊन उभी. माझ्याकडं बघत नव्हती, कपांकडं बघत होती. मला लाज वाटली. खरंच फार लाज वाटली.

"मागच्या वर्षीची कड हिची होती," मी म्हणालो. "मी तुमच्याशी खोटं बोललो."

"मग यंदाची कुणाची?"

"माझी."

"दिसतंय," बाई म्हणाल्या.

कप पुन्हा समोरच्या खिडकीत गेला. मी ओट्यावर सुतकी तोंड करून बसलो होतो, तेवढ्यात बायकोनं चहाचा कप आणून ठेवला आणि मागं भांडी घासायला गेली. घोट घेतला, तर गवती चहाचा वास! म्हटलं, हा आला कुठून? कड तर बोडकी.

कप हातात घेऊन उठलो. स्वयंपाकघरातून मागच्या दारानं मोरीमागं गेलो आणि बघतच राहिलो. मोरीच्या पाण्याच्या पाटाला लागून तुपाचे डबे ओळीनं मांडलेले. गवती चहा कमरेएवढा, पुदिना डब्याबाहेर सांडलेला, सब्जा, ओवा, सगळी कड तिथं जिवंत! मागच्या बोळाचं फाटक उघडं होतं आणि टेलरमास्तरांची बायको पुदिना खुडत होती. मला बघून तिनं पदर तोंडाला लावला. सगळ्या आळीला ही वाट पाठ होती. मला माहीत नव्हती. साऱ्या तालुक्यांच्या हद्दी मोजणारा मी, सहा वर्षांत माझ्याच मोरीमागं एकदाही आलो नव्हतो.

बायको राखेनं पातेलं घासत होती. तिनं मान वर केली नाही.

"या पावणं," ती म्हणाली. "कुणाकडं आलासा?"