विहिरीत सापडलेलं तांबं

बाळांनो, उन्हाळ्यात अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली एक मुलगी आपल्या शिनोलीच्या विहिरीचं पाणी तपासायला आली. भाताच्या तुसाचा कोळसा करून पाण्यातले जड धातू आणि फवारणीच्या औषधांचे अंश काढायचे, हा तिचा प्रकल्प. पाणी भरून ठेवा म्हणून तिनं मला प्लॅस्टिकची बाटली दिली.

कॉलेजात पाणी जायचं, तर ते नीटनेटकं नको? मी तांब्याची कळशी चिंचेनं आतून-बाहेरून लख्ख घासली, रात्रभर पाणी भरून ठेवलं आणि सकाळी त्यातूनच बाटली भरली.

आठवड्यानं निकाल आला: पाण्यात तांबं प्रमाणाबाहेर. तासाभरात शेजारीण रिकामी घागर घेऊन दारात.

"काकू, तुमच्या हिरीत तांबं घावलं म्हनं! आमी पानी प्यावं का न्हाई? का आता खान काढताय?"

मला हसू येईना. दिवाळीत तुम्ही आलात की काय पाजणार होते?

मुलगी मात्र खुशीत कोळशाचं नळकांडं घेऊन आली.

"आजी, बाटली कशातनं भरलीत?"

मी अभिमानानं कळशी दाखवली. तिनं कपाळावर हात मारला.

मग तिनं स्वतः विहिरीतून बाटली भरून नेली आणि पाणी निर्मळ निघालं. शेजारणीची घागर परत आली. मुलीचं तोंड तेवढं उतरलं, कारण तिच्या कोळशाला काढायला काही उरलंच नव्हतं.

"आजी, दर सोमवारी कळशी तशीच घासून पाणी ठेवाल?"

तेव्हापासून मी कॉलेजला दूषित पाणी पुरवते, अगदी वेळेवर. तुमच्यासाठी विहीर आहेच.