टोमॅटोला धूर

शेजारच्या गार्डनमध्ये कुणीतरी पाला जाळतंय. या वासाने माझे वडील, अण्णा, आठवतात. आमच्या घरात कॉलेज झालेली मी पहिली. माझं लंडनमधल्या ईलिंगचं घर बघायला ते एका वर्षी निफाडहून आले, आणि मागच्या अंगणात टोमॅटो लावून बसले.

त्यांच्या परतीच्या आठवडाभर आधी एका संध्याकाळी फ्रॉस्टचा, म्हणजे झाडं गोठवणाऱ्या थंडीचा, इशारा आला. टोमॅटो अजून हिरवेच होते. आपल्याकडे थंडीपासून वाचवायला द्राक्षबागेत करतात तसा अण्णांनी ओला पाला पेटवून धूर केला.

"अण्णा, शेजारी काय म्हणतील?"

"म्हणू देत. एक तरी लाल झालेला बघून जातो."

तेव्हा मला लाज वाटली होती. आज तोच धूर मी छातीभर घेतला.

झाडं वाचली, पण अण्णा हिरवेच टोमॅटो बघून विमानात बसले. पुढे पहिला लाल झाला, तो मी व्हिडिओ कॉलवर दाखवला.

"दाखवत काय बसलीस? खा," अण्णा म्हणाले.