बाक जिथं, काप तिथं

जगात मुळातून सरळ अशा वस्तू फार थोड्या, आणि आमच्या नात्यागोत्यात जे काही सरळ आहे ते माझ्या चुलतसासऱ्यांनी कापलेलं आहे. हे मी जावई म्हणून कौतुकानं सांगतोय असं समजू नका. जावयानं कौतुक करावं अशी त्या घरात कोणाची अपेक्षाच नाही. इतरांच्या सासुरवाडीत जावयाला पाट मांडतात, मला टेपचं दुसरं टोक देतात. शहापूरहून मुरबाडला एसटी बदलून धसईला पोचावं, तर चपला काढायच्या आत काका म्हणणार, "बरं झालं आलात, जावईबापू. जरा ते टोक धरा." मग परसात पडलेल्या कुठल्यातरी ओंडक्यापाशी मी उकिडवा बसतो आणि ते घेर मोजतात. पाणी, चहा, ख्यालीखुशाली सगळं त्यानंतर.

काकांनी उभा जन्म लाकडाच्या डेपोत ओंडके मोजण्यात घालवला. रानातून सागाचे, ऐनाचे सोन्यासारखे बुंधे यायचे, पण तोडणाऱ्यांनी ते कुऱ्हाडीच्या दांड्यानं मापून सरसकट दहा-दहा फुटांवर कापलेले असायचे. त्यामुळे झाडाचा बाक नेमका तुकड्याच्या मध्यावर यायचा. ज्याची देखणी चौकट झाली असती तो नग वाकडा म्हणून खालच्या ढिगात जायचा, आणि काका त्याच्याकडे असे बघायचे की नवख्याला वाटावं, मयत यांच्याच घरचं आहे. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात. काकांनी निराळंच व्रत घेतलं. शहापूर-मुरबाड पट्ट्यातल्या प्रत्येक तोडणाऱ्याला शिकवायचं, की झाड फुटावर कापू नको, बघून काप. "बाक जिथं, काप तिथं" हा त्यांचा मंत्र. करवत बाकावरच लावली की दोन्ही तुकडे सरळ निघतात. बाक टाळून लावली की तो एकाच्या पोटात राहतो आणि चांगल्या लाकडाची माती होते. एवढं साधं शास्त्र, पण ते पटवण्यात काकांनी जेवढ्या चपला झिजवल्या तेवढ्यात माणूस आमदार झाला असता.

हे शास्त्र लाकडापुरतं राहिलं असतं तर काकूंनी देवाला नारळ फोडला असता. काका शेवग्याची शेंगसुद्धा आधी डोळ्यांसमोर आडवी धरून, फिरवून, बाक हेरून मगच कापतात. त्यांच्या घरच्या आमटीतली प्रत्येक शेंग सरळ असते आणि आमटी तिन्हीसांजेला तयार होते. माझ्या लग्नात अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चाललेली, आणि हे वाकून माझ्या पाटाकडे बघतायत. मधेच खणखणीत आवाजात म्हणाले, "नवऱ्याच्या पाटाला मधोमध गाठ हाय." झालं! भटजी थांबले, माझी आई पांढरीफटक पडली, आणि तो अपशकुन नसून सुताराची अक्कल आहे हे सगळ्यांना पटेपर्यंत मुहूर्त टळायची वेळ आली. गावातल्या एका पुढाऱ्याचं लांबलचक भाषण ऐकून बाहेर पडताना ते मला म्हणाले होते की माणूस वाईट नाही, पण तिसऱ्या मिनिटाला भाषणाला बाक आला होता, तिथंच कापायला हवं होतं.

त्यांच्या शिकवणीला फळा-बिळा काही नाही. शिकवणी पडवळावर चालते. धसईच्या बाजारात भाजीवाल्या बायका पडवळाला दगड बांधून ते वेलावरच सरळ केल्याचं कौतुकानं सांगतात, आणि आमचे काका म्हणतात, "यातलं वाकडं दे गो." एक म्हातारी तर त्यांच्यासाठी वेडीवाकडी पडवळं मुद्दाम राखून ठेवते आणि त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय असं समजून एखादं वर घालते. ही पडवळं घेऊन काका गावाच्या कडेच्या वाडीत जातात आणि बाकावर कापून दाखवतात. तिथल्या तोडणाऱ्या टोळीचा मुकादम लहू. वीस वर्षं दहा फुटांवर करवत चालवलेला माणूस. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "काका, झाड काय पडवळ हाय काय?" काका इतके खूश झाले की त्यांनी त्याला तिथंच पट्टशिष्य करून टाकलं. म्हणाले, प्रश्न विचारतो म्हणजे डोळे उघडे आहेत.

काकांचे दोन नियम होते. ओंडक्यावर ढुंगण टेकायचं नाही, आणि झाड पडल्यावर एक चहा होईस्तोवर करवतीला हात लावायचा नाही. चहा पीत पीत ओंडक्याभोवती फिरायचं, बघायचं, मग खडूनं खूण करायची. लहूची माणसं आधी हसली, मग चहासाठी फिरू लागली, आणि दोन पावसाळ्यांत खरोखरच बघायला शिकली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी काकांसमोर बोलायची सोय नाही. त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता. ऑपरेशन शिमग्यानंतर करायचं ठरलेलं आहे. असे तीन शिमगे होऊन गेले. गेल्या वर्षी शेताच्या बांधावर त्यांनी एका बुजगावण्याला राम राम घातला आणि त्यानं उत्तर दिलं नाही म्हणून घरापर्यंत माणसांच्या उर्मटपणावर बोलत आले. ते बुजगावणं होतं हे सांगायचा मला धीर झाला नाही.

गेल्या दिवाळीआधी मुरबाडचे एक वखारवाले शेट आले. एका शेतकऱ्याच्या मालकीचा जुना साग परवानगीनं पाडायचा होता. शेट म्हणाले, याचे नग मनासारखे निघाले तर हंगामाचं सगळं तोडकाम लहूच्या टोळीला. आता याचा अर्थ काय, ते वाडीत कोणाला सांगावं लागलं नाही. दरवर्षी दिवाळी झाली की लहू बायकापोरांसह वीटभट्टीवर जातो, घराला कुलूप लागतं, पोरांची शाळा सुटते. काम मिळालं तर यंदा ते कुलूप लागणार नव्हतं.

साग पडला. बुंध्याला एक ठसठशीत बाक होता. काकांनी बुंध्याकडून विती मोजत मोठ्यानं आकडे म्हटले आणि अकराव्या वितीवर खडूची रेघ ओढली. मी टेपचं टोक धरून होतो. मला लाकडातलं ओ की ठो कळत नाही, पण बाक रेघेच्या चांगला दोन विती पुढे आहे, हे मलासुद्धा दिसलं. लहूकडे बघितलं, तर त्यालाही दिसलेलं. शेट हातभर अंतरावर उभे. बोलावं तर ज्यानं शिकवलं त्याची चारचौघांत शोभा, न बोलावं तर सोन्यासारखा नग फुकट आणि वीटभट्टी नशिबी.

लहू म्हणाला, "चहा व्हायचाय अजून." आणि चहाचा पेला हातात घेऊन सरळ त्या रेघेवर जाऊन बसला. काका केवढे भडकले! दोन वर्षं शिकवून ओंडक्यावर बसतोस, शेटना काय वाटेल, अक्कल कुठं गहाण टाकलीस, सगळं ऐकवलं. लहू खाली मान घालून ऐकत होता, चहा फुंकत होता आणि दर घोटाला जरासा इकडे, जरासा तिकडे सरकत होता. उठला तेव्हा रेघ नव्हती. पेला ठेवता ठेवता त्यानं चुलीतल्या कोळशानं दोन विती पुढे नवी रेघ ओढली आणि करवतीचं मशीन चालू केलं.

दोन्ही तुकडे सरळसोट निघाले. शेटनी एक डोळा मिटून दोन्हीकडून बघितलं आणि सोमवारपासून या म्हणाले. टोळीतली माणसं एकमेकांकडे बघून हसली. काका मात्र नेहमीसारखे बुंध्यापाशी गेले आणि लाकडावर वीत टाकत निघाले. अकरा झाल्या. हात थांबला. मग बारा, तेरा, आणि काप. कापावरून त्यांनी बराच वेळ बोटं फिरवली. मला कुठं बघावं ते कळेना.

"लहू," ते म्हणाले, "चड्डीला मागं खडू लागलाय तुझ्या. झटकून टाक."

लहूनं झटकला. तो काही बोलायच्या आत काकांनी खिशातला खडू त्याच्या हातावर ठेवला. "बाक बरोबर सापडला रे तुला. उद्यापासून खुणा तू करायच्या. मी चहाचं बघतो."

तेव्हापासून ते चहाचं बघतात. रानात तीन दगडांवर पातेलं ठेवतात आणि आच मुद्दाम मंद ठेवतात, म्हणजे माणसांनी ओंडक्याकडे जास्त वेळ बघावं. मी विचारलं की काका, झाला का चहा, तर म्हणतात, त्यांचं बघून व्हायचंय अजून. ऑपरेशन यंदाच्या शिमग्यानंतर नक्की आहे. चहा इतका उकळतो की कडू जहर होतो. पण लहू तो शेवटच्या घोटापर्यंत पितो, ओंडक्याभोवती सावकाश फिरत, काकांना पावलं ऐकू जातील अशा बेतानं. टेपचं टोक धरून मीही पितो.