दोन्ही झाकणं उघडली

मंडळी, या ग्रुपवर आमचे हे असायचे. मी आज पहिल्यांदाच लिहितेय.

त्यांची जुनी अमेरिकन मोटार तुम्हाला माहीत आहेच. तिच्या हेडलाइटवरची झाकणं इंजिनच्या व्हॅक्यूमवर उघडतात. उजवं कित्येक वर्षं अडकलेलं. झाकण उचलणारा व्हॅक्यूमचा डबा हाच तो बिघडलेला पार्ट; हे अगदी त्याच मॉडेलचा शोधत राहिले आणि गेल्या वर्षी गेले.

आज सकाळी नामपल्लीचे मेकॅनिक सलीमभाई काचीगुड्याला आमच्या घरी आले. दुसऱ्याच मॉडेलचा पार्ट आणला होता. म्हणाले, "भाभी, डब्बा सेम है, सिर्फ दांडी अलग है. पुरानीच दांडी लगा देतूं."

अर्ध्या तासात बसला. इंजिन चालू करून दिवे लावले, तर दोन्ही झाकणं बरोबरीने वर गेली.

चहा घेऊन सलीमभाई गेले. मी एकटीच गाडीत बसून दिवे लावत आणि बंद करत राहिले.

हे अंगणातून हाक मारायचे, "अगं, ये, बघ तरी!" मी आतूनच म्हणायचे, "कुकर लावलाय, नंतर येते."

आज मला कुणाला तरी हाक मारायची होती. हैदराबादेत कुणी आहात का? रविवारी गाडी बघायला याल?