घोडीवाली सिस्टर

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझी नेमणूक सेनगावच्या पलीकडल्या एका गावात झाली. मी नर्स होते. लग्नानंतर लवकरच नवरा वारला आणि ‘पांढऱ्या पायाची’ म्हणून सासरच्यांनी मला माहेरी आणून सोडलं. वडिलांनी हट्टानं नर्सिंगला घातलं, नोकरी लागली, आणि मी या गावात आले. उपकेंद्राच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत दवाखाना, मागच्या खोलीत मी.

गाव वाईट नव्हतं. बायका यायच्या, गोळ्या न्यायच्या, बाळंतपणाला हक्कानं बोलवायच्या. बाळंतीण सुटली की चहा यायचा, तोही बाहेर ओट्यावर. मी ओट्यावर बसून चहा प्यायचे, कप विसळून पालथा ठेवायचे आणि घरी यायचे. संध्याकाळ झाली की जो तो आपापल्या चुलीपाशी. माझी चूल एका माणसापुरती. भाकरी थापताना कधीकधी मुद्दाम एक जास्त थापायचे आणि सकाळी ती शिळी खायचे.

कामाची खरी तकलीफ पावसाळ्यात होती. लसीकरणाला माळावरच्या तांड्यांवर जावं लागायचं. काळ्या मातीचा चिखल असा की जीप ओढ्याअलीकडेच थांबायची. सायकल तर खांद्यावर घ्यावी लागायची. मी लसीची पेटी डोक्यावर घेऊन चालायचे. एकदा उतारावर घसरले आणि पेटी सांभाळता सांभाळता ढोपर फोडून घेतलं. तशीच लंगडत तांड्यावर पोचले. तांड्याच्या म्हाताऱ्या नाईकानं माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं,

“सिस्टर, घोडी काहून न्हाई ठिवत?”

मला हसू आलं. “मी बाई माणूस. घोडीवर कशी बसू?”

“आमची माय बसायची. बैलाचा तांडा घिऊन मुलूख फिरली ती. तुमाला काय झालं?”

त्याच्या दारात एक घोडी बांधलेली होती. ठेंगणी, रुंद पाठीची, गुळाच्या रंगाची आणि आयाळ मात्र वाळल्या गवतासारखी फिकट. त्याचे गुडघे गेले होते, मुलांनी मोटारसायकल घेतली होती. घोडी नुसती उभी राहून म्हातारी होईल याचं त्याला दुःख होतं. “तुमी न्या,” तो म्हणाला. “पर तिला कामाला लावा. जनावराला काम न्हाई तर ते झुरतंय.”

पहिले काही दिवस मी तिच्यावर बसले कमी आणि उतरले जास्त. पांढऱ्या साडीच्या आत सलवार घालायला लागले. गावात बोलणं झालंच. “नर्सबाई आता वरातीला निघाली,” म्हणून पारावरची माणसं हसायची. मला पाठीत नजरा रुतल्यासारखं वाटायचं. घोडीला मात्र कशाचंच काही नव्हतं. कुत्री अंगावर आली तरी ती बिचकायची नाही. पाणी वाहत असलं की आधी एक पाय टाकून बघायची, मग दुसरा. तिची चाल रवाल होती, म्हणजे धक्का न देता एकसारखी पुढे सरकणारी. पेटीतल्या बाटल्या एकमेकींवर आपटायच्याही नाहीत. आणि उंची अशी की कुणाचा हात न धरता मला चढता-उतरता यायचं. हात धरायला कुणी नव्हतंच, त्यामुळं मला हा गुण सगळ्यात मोठा वाटायचा.

बाजाराच्या दिवशी मी तिला घेऊन सेनगावला जाऊ लागले. बाजाराच्या कडेला एका लिंबाखाली घोडेवाले जमायचे. पहिल्यांदा मी लांबच घोडी बांधली. त्यांच्यातला एक जण उठून आला. तो हिंगोलीचा, नवरदेवाची घोडी पुरवणारा. त्यानं माझ्या घोडीभोवती एक चक्कर मारली, कपाळावरचा पांढरा पट्टा पाहिला, चारी पाय पाहिले.

“अरे वा! पंचकल्याणी है. आपा, चारो पाँव सफेद, नसीबवाली है ये.”

“घोडीचे पांढरे पाय चांगले असतात?” मी विचारलं.

“तो? बहोत मुबारक!”

मी तोंड फिरवून खोगिराचा पट्टा उगाच आवळत बसले. त्याला काही कळलं नाही. तो म्हणाला, “इधर सावली में बांधो ना, बराबर.”

मग दर बाजारी मी तिथंच बांधू लागले. शिरड शहापूरकडचा एक मेंढपाळ यायचा, बिऱ्हाड घोडीवर लादून गावोगाव फिरणारा. नाल ठोकणारा यायचा, एखादा शेतकरीही. मी कोण, कुठल्या जातीची, लेकरंबाळं किती, हे त्या लिंबाखाली मला कुणी विचारलं नाही. “घोडी खाऊन राहिली का बराबर?” एवढंच विचारायचे. चहाचे पेले सगळ्यांचे एकाच बादलीत विसळले जायचे. बोलणं सगळं घोड्यांचं: कुणाच्या शिंगराला दात आले, कुणाची घोडी लंगडते. आठवडाभर मी त्या बोलण्यावर काढायचे.

एका उन्हाळ्यात घोडीचं पोट धरलं. दुपारी ती जमिनीवर पडून लोळायला लागली, मान वळवून स्वतःच्या पोटाकडं बघायला लागली. मी माणसांवर उपचार करणारी, घोडीचं मला काहीच कळत नव्हतं. जीपवाल्याजवळ सेनगावच्या जनावरांच्या डॉक्टरला निरोप दिला. मेंढपाळाचा कळप शेजारच्या शिवारात बसला होता, त्याला कळवलं. तो धावत आला आणि ओरडला, “बसू दिऊ नका तिला! चालवा, चालवा!”

आम्ही आलटून पालटून तिला चालवत राहिलो. तेवढ्यात हिंगोलीचा घोडीवाला आला. जवळच्याच गावात तो वरातीला घोडी घेऊन आला होता, तिथं त्याला कळलं होतं.

“वरात सोडून आलात?” मी विचारलं.

“दुल्हे को जीप में बिठा दिया,” तो म्हणाला. “उसकी शादी तो हो जाएगी.”

त्याही अवस्थेत मला हसू फुटलं, आणि मग रडू. दोघांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. डॉक्टर येऊन सुई टोचून गेला. उन्हं कलता कलता घोडीनं लीद टाकली, पोट मोकळं झालं, तेव्हा मेंढपाळानं दोन्ही हात जोडले. त्या दिवशी माझ्या घरी पहिल्यांदा तीन माणसं जेवली. पिठलं कमी पडलं, पण कुणी तसं म्हणालं नाही.

पुढं हिंगोली जिल्हा झाला. डांबरी रस्ता आला, पूल झाले, तांड्यापर्यंत जीपा जाऊ लागल्या. चांगलंच झालं, अडलेल्या बाया वेळेवर दवाखान्यात पोचू लागल्या. मलाही शहरात बदली मिळत होती. घोडी कुठं ठेवणार म्हणून मी बदली नाकारली, आणि साहेबांना दुसरंच कारण सांगितलं. लिंबाखालची माणसं एकेक करून कमी झाली. नाल ठोकणाऱ्याला काम उरलं नाही. मेंढपाळानं बिऱ्हाडासाठी टेंपो ठरवायला सुरुवात केली. हिंगोलीचा घोडीवाला आजारी पडला आणि गेला. मला ते पुढच्या बाजारी कळलं, तोवर सगळं उरकलं होतं. त्या दिवशी मी लिंबाखाली एकटीच बसले आणि घोडीला कडबा टाकून परत आले.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी घोडी म्हातारपणानं मेली. एका सकाळी उठलीच नाही. तांड्यावरच्या माणसांनी माळावर खड्डा खणला. मेंढपाळाला निरोप पोचला, तो एसटीनं आला. माती लोटून झाल्यावर आम्ही दगडावर बसलो.

“दुसरी घ्याल का?” त्यानं विचारलं.

“न्हाई. आता कशाला?”

“व्हय. आता कशाला,” तो म्हणाला.

मग मी बदली घेतली आणि हिंगोलीत राहायला आले. एकदा एसटी स्टँडवर तो दिसला. मला फार आनंद झाला, त्यालाही झाला असावा. “बऱ्या हाव का?” त्यानं विचारलं. मी हो म्हणाले. त्याच्या मेंढ्यांबद्दल विचारलं. तोही बऱ्या आहेत म्हणाला. मग दोघांनाही पुढं काय विचारावं ते सुचेना. आम्ही शेजारी शेजारी उभे राहून गाड्यांच्या पाट्या वाचत राहिलो. त्याची गाडी लागली, तो चढला, आणि खिडकीतून हात वर करून गेला.